पहिल्या पानावर लेक

ढाणकीत उकंडा पाईकरावांना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. ज्या घरी त्यांच्या हातचा पेपर जात नाही, त्या घरी शेजारच्याचा मागून वाचतात.

मी घनश्याम. बसस्टँडसमोर माझं कटिंगचं दुकान आहे. पहाटे पेपरची गाडी येते आणि गठ्ठे माझ्याच ओट्यावर टाकून पुढे जाते. उकंडाभाऊ तिथे मांडी घालून बसतात, सुतळी कापतात, पुरवण्या आत सारतात, सायकलच्या पिशव्या भरतात आणि निघतात. माझ्या खुर्चीत मोठमोठी माणसं मान मागे टाकून बसतात. गळ्याशी वस्तरा असला की माणूस फार मोठा राहत नाही, त्यामुळे मला सहसा कोणाचा दरारा वाटत नाही. उकंडाभाऊंचा वाटतो. आधी वाटत नव्हता. तो कसा वाटायला लागला, ते सांगतो.

माणूस साधा. पैनगंगेकाठच्या एका गावात वडील सालगडी होते. उकंडाभाऊ सातवीपर्यंत शिकले, मग जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलली. जुना पेपरवाला गाव सोडून गेला तेव्हा त्याची लाइन यांनी घेतली. सुरुवातीला काही घरची माणसं यांच्या हातून पेपर घेत नसत. बौद्ध माणूस, म्हणून दारातच ठेव म्हणायचे. हे पायरीवर पेपर ठेवून, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवून पुढे जायचे. भांडले नाहीत आणि कोणाचा पेपर कधी चुकवलाही नाही. आता त्याच घरातली म्हातारी माणसं चष्मा पुसत फाटकाशी त्यांची वाट बघत उभी असतात आणि उशीर झाला तर काळजी करतात.

त्यांना एकच लेक, साधना. यवतमाळला समाजकार्य शिकली. नोकरी धरील असं सगळ्यांना वाटलं होतं. ती परत आली आणि गावोगावच्या बाया जमवून तिनं ‘पाणवठा’ नावाची संस्था काढली. आधी हातपंप आणि रेशन. मग ग्रामसभेत बायांनी बोलायला शिकायचं. आणि विधानसभेची निवडणूक आली तेव्हा तिनं एक नवंच काम काढलं. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला बाया चौकात बसवायच्या आणि विचारायच्या, गावच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही, शाळेत मास्तर किती दिवस येतो. उमेदवार काय बोलला ते समाजमंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवायचं. कोणत्याही पक्षाचा असो, सगळ्यांना तोच चौक आणि तेच प्रश्न.

काही उमेदवार आले, काही आलेच नाहीत. जे आले नव्हते त्यांच्या नावापुढे बायांनी ‘आले नाहीत’ असं लिहिलं. त्यातलाच एक निवडून आला.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘पाणवठा’ला आयकर खात्याची नोटीस आली. कोणीतरी तक्रार केली होती. नोटिशीचा अर्थ साधनानं मला दुकानातच समजावून सांगितला होता. सेवेचं काम करणाऱ्या संस्थेला करातून सूट असते. तुम्ही सेवेच्या नावावर राजकारण केलं असा आरोप आहे, तेव्हा तुमची सूट काढून का घेऊ नये, ते सांगा.

“मंग काय करशील?” मी विचारलं.

“सांगू ना,” ती म्हणाली. “सरकारला विचारायचा हक्क आहे काका. आपण उमेदवारांना विचारलंच की.”

ती शांत होती. तिचे बाबा तर तिच्याहून शांत. मला वाटलं, कागदाचं काम आहे, कागदावर मिटेल.

मग एका सकाळी गठ्ठा सुटला आणि पहिल्या पानावर साधना दिसली.

‘दैनिक पहाटतारा’ आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो. वर मोठ्या अक्षरात होतं, ‘समाजसेवेच्या बुरख्याआड राजकारण’. खाली फोटो. हरलेल्या एका उमेदवाराची गाडी, गाडीवर पक्षाचा झेंडा, तो उमेदवार दार धरून उभा आणि साधना गाडीतून उतरते आहे. फोटोखाली लिहिलं होतं, ‘प्रचारफेरीत सहभागी संस्थाचालिका’. बातमीत ‘सूत्रांनी सांगितले’ पाच-सहा वेळा आणि परदेशातून पैसा आल्याचा संशय. साधनाचं म्हणणं एका ओळीतही नव्हतं. त्या दिवशी गठ्ठेही जास्त आले होते. कोणी मागितले नव्हते, पण आले होते.

उकंडाभाऊंनी बातमी पूर्ण वाचली. बोट ओळीखाली धरून वाचायची त्यांना सवय आहे. फोटोशी बोट थांबलं, बराच वेळ थांबलं. मग त्यांनी पुरवण्या आत सारायला घेतल्या.

तेवढ्यात तुळसाबाई आल्या. त्यांची बायको. कोणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला असणार. अनवाणी, डोक्यावरचा पदर खांद्यावर, धापा टाकत.

“वाटू नका,” त्या म्हणाल्या. “साधनाचे बाबा, मी तुमच्या पाया पडतो. हे गठ्ठे पैनगंगेत टाकून या. एक दिवस पेपर नाही आला तं गाव मरत नाही.”

“लोकाईनं पेपर लावला हाय,” उकंडाभाऊ म्हणाले. “त्याईचा हाय तो. माहा नाही.”

“लेक तं तुमची हाय ना!”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. त्यांनी आपल्या पायातली चप्पल काढून तुळसाबाईंच्या पायाशी ठेवली. “घाल,” म्हणाले. “रस्त्यावर काचा हायेत.”

आणि अनवाणी पायानं पायडल मारत निघाले.

त्या दिवशी माझ्या दुकानात बातमी मोठ्यानं वाचली गेली, थट्टा झाली, शंका निघाल्या. पण आलेला प्रत्येक जण सांगत होता की उकंडाभाऊंनी रोजच्यासारखाच पेपर हातात दिला. कोणी म्हणाला, नजर चुकवावी तर ते सरळ डोळ्यांत बघत होते. एका मास्तरांनी पेपर परत करायला हात पुढे केला, “राहू द्या उकंडाभाऊ, आज नको,” म्हणून. तर ते म्हणाले, “वाचा सर. न वाचता समजन कसं?”

दुपारी देवीलाल आला. निवडून आलेल्या नेत्याचा तो कार्यकर्ता. माणूस वाईट नाही, पण पक्षाचं काम म्हटलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. उकंडाभाऊ ओट्यावर उरलेले पेपर मोजत होते. देवीलाल म्हणाला, “काका, जेवढे उरले तेवढे द्या. ज्या-ज्या गावात पाणवठ्याच्या बाया हायेत, तिथं फुकट वाटाचे हायेत.”

माझ्या हातातला कंगवा थांबला.

“घे,” उकंडाभाऊ म्हणाले. “पण मी येतो तुह्यासंग.”

“तुमी? कायले?”

“पेपरवाला हाव. वाटाचं काम माह्यं हाय. अन् बाप हाव. कोणाले काही इचाराचं असन तं बाप समोर असलेला बरा.”

 दुसऱ्या दिवशी देवीलालच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर, मांडीवर गठ्ठा घेऊन उकंडाभाऊ बसले. पुढे काय झालं ते देवीलालनंच मला दाढी करता करता सांगितलं, तेही आपण होऊन. म्हणाला, “गावात उतरलो की काका प्रत्येकाच्या हाती पेपर देत. म्हणत, ही माही पोरगी हाय. वाचा. वाचणं होत नसन तं कोणाकडून वाचून घ्या. अन् मंग तिले चौकात बोलवा न् इचारा. जसं उमेदवाराले इचारलं तसंच इचारा. सोडू नका.” मग त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. “घनश्याम, तिसऱ्या गावात मी जीपच्या खालीच नाही उतरलो. मले लाज वाटून राह्यली होती.”

उकंडाभाऊंनी लेकीची बाजू घेणारं एक अक्षर कोणत्याच गावात काढलं नाही. खोटं आहे असंही म्हणाले नाहीत. कारण ते खोटं आहे की खरं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती त्या गाडीतून उतरली होती, हे तर फोटोत दिसतच होतं. त्यांनी घरी विचारलंही नव्हतं. तुळसाबाई म्हणाल्या, रात्री बापलेक जेवायला बसले, भाजी कशी झाली त्याबद्दल बोलले आणि उठले.

गावकऱ्यांनी मात्र खरंच बोलावलं. बिटरगावच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या बायांनी रविवारी सकाळी चौकात सतरंजी टाकली. रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस, तरी मी दुकान बंद ठेवून गेलो. उकंडाभाऊंना एकटं सोडावंसं वाटेना.

आजूबाजूच्या गावांतले लोकही आले होते. देवीलाल होता, त्याच्या पक्षाचे आणखी चार-सहा जण होते. साधना समोर उभी राहिली. निवडणुकीत ज्या खुर्चीवर उमेदवार बसायचे ती खुर्ची तिला दिली होती, पण ती बसली नाही.

“विचारा,” ती म्हणाली.

कोणी विचारेना. बायांना तिचं प्रेम, पुरुषांना संकोच, आणि पक्षवाल्यांना वाटत होतं दुसऱ्यानं सुरुवात करावी. कोंबड्या चौकातून इकडून तिकडे फिरत होत्या. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आता असंच चहापाणी होईल आणि सगळे घरी जातील.

मागून उकंडाभाऊ उठले. हातात घडी केलेला तो पेपर होता.

“मी इचारतो,” ते म्हणाले.

साधनानं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिला.

“संस्थेचा पैसा कुठून येतो?”

“बाबा...”

“बाबा घरी. इथं मी गावचा माणूस हाव. पैसा कुठून येतो?”

ती सांगायला लागली. पुण्याची एक संस्था देते, मुंबईच्या एका कंपनीच्या निधीतून काही येतं, बाकी बाया वर्गणी काढतात. परदेशातून काही आलेलं नाही, तशी परवानगीच संस्थेनं कधी मागितली नाही. ज्याला बघायचं त्यानं ऑफिसात येऊन बघावं.

“निवडणुकीत कोणाले मत द्या म्हणून सांगितलं?”

“कोणालाच नाही. मत मागायला येईल त्याला विचारा, एवढं सांगितलं.”

बाया माना हलवत होत्या. इथवर ठीक होतं. मग उकंडाभाऊंनी पेपर उलगडला आणि दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना दिसेल असा उंच केला.

“ही गाडी एका पक्षाची हाय. हा त्या पक्षाचा उमेदवार हाय. अन् ही तू. या गाडीत तू बसली होती का नाही?”

“बसले होते.”

चौकात कुजबुज झाली. पक्षवाल्यांतला एक जण खाकरला.

“काहून?”

साधनानं मान खाली घातली. “गरज होती. पण निवडणुकीत त्या गाडीत बसायला नको होतं. दुसरी गाडी शोधायला पाहिजे होती. ती माझी चूक.”

उकंडाभाऊंनी पेपर छातीशी आणला, पण फोटो लोकांकडेच ठेवला. लेकीला चारचौघांत चूक कबूल करायला लावून हा माणूस तिथे उभा होता. मी नजर खाली वळवली. मला वाटलं, हे बघण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तेव्हा पुढच्या रांगेतून इंदूबाई उठली. पन्नाशीची बाई, कापूस वेचणारी, ‘पाणवठा’च्या कामाला साधनासोबत गावोगाव फिरणारी. तिला वाचता येत नाही आणि तो आठवडाभर ती लेकीच्या बाळंतपणाला गेलेली होती. पेपर तिनं पाहिलाच नव्हता. ती उकंडाभाऊंच्या जवळ गेली, फोटोला नाक लागेल इतकी वाकली आणि ओरडली.

“हे मागं कोपऱ्यात तं दवाखान्याचं दार हाय! बाप्पा, हे तं त्या दिवसाचं हाय, मले पान लागलं त्या दिवसाचं!”

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

“मी कुठं हाय यात?” इंदूबाई फोटोच्या कडेला बोट घासत होती. “मी इथं होती. दोघाजणाईनं मले उचलून धरलं होतं. मले कापून टाकलं!”

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या एका गावात सभा संपली तेव्हा संध्याकाळ होत होती. वाटेत कपाशीच्या बांधावर इंदूबाईला साप चावला. रस्त्यावर तीच एक गाडी उभी होती. उमेदवारानं आपली माणसं खाली उतरवून दोघींना आत घेतलं आणि ढाणकीच्या दवाखान्यात आणून सोडलं.

“दुसरी गाडी शोधत बसली असती तं मी आज जिती नसती,” इंदूबाई साधनाकडे वळून म्हणाली. ती चिडली होती. “चूक कायची ओ बाई? सांगितलं काहून नाही तू?”

साधनानं डोळे पुसले. “निवडणूक चालू होती मावशी. त्याच्या गाडीनं तुमचा जीव वाचला म्हणून सांगितलं असतं, तर तो त्याचा प्रचार झाला असता. आपण तर ठरवलं होतं, कोणाचाच करायचा नाही. नंतर सांगायचं राहूनच गेलं.”

 उकंडाभाऊंना इंदूबाईचं दुखणं माहीत होतं, पण तिला कोणाच्या गाडीतून आणलं ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी पेपरची नीट घडी केली. लेकीसमोर गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मागे येऊन आपल्या जागेवर, लोकांत, खाली बसले आणि म्हणाले, “आणखी कोणाले इचाराचं हाय?”

मग लोकांनी विचारलं. तासभर विचारलं. देवीलालनंही विचारलं, की आमचे साहेब आले नाहीत असं भिंतीवर लिहिलं, पण त्यांना निरोप वेळेवर दिला होता का. साधनानं सांगितलं, एका गावी निरोप उशिरा गेला होता, तेवढं त्याचं खरं आहे.

पावसाळ्यात नागपूरला सुनावणी झाली. साधनाबरोबर इंदूबाई गेली. ती परत आल्यावर सांगत होती की आयकराचे साहेब मन लावून ऐकत होते, उलटसुलट प्रश्न करत होते आणि तिला पाणी विचारलं. साधनानं गाडीचं स्वतःहून सांगितलं. निरोप उशिरा गेल्याचंही सांगितलं. संस्थेच्या वकिलाला ते फारसं आवडलं नाही म्हणे.

निकाल यायला बरेच महिने लागले. तोवर पुण्याच्या संस्थेनं मदत थांबवली, पेपरातल्या बातमीला घाबरून. दोन खोल्यांचं ऑफिस एका खोलीत आलं, पगारी मुली घरी बसल्या. शेवटी हुकूम आला. सूट कायम. लोकांना प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे एखाद्या पक्षाचा प्रचार नव्हे, असं त्यात म्हटलं होतं. विवरणपत्र एका वर्षी उशिरा भरलं होतं, त्याचा दंड मात्र बसला. तो त्यांनी भरला.

‘पहाटतारा’नं ती बातमी आतल्या पानावर दिली. गुरांच्या सरकी-ढेपेच्या जाहिरातीखाली, चार ओळी, फोटो नाही. मी ती शोधून काढली आणि उकंडाभाऊंना म्हटलं, “भाऊ, लाल पेन हाय माह्याजवळ. प्रत्येक पेपरात गोल करून द्या. लोकाईच्या नजरेत तं यायला पायजे!”

“तवा केलता का गोल?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग आता कायले?”

आणि त्या दिवशीही त्यांनी रोजच्यासारखाच पेपर वाटला. पण ढाणकीत ती चार ओळींची बातमी न वाचलेलं घर मला तरी भेटलं नाही. मास्तरांनी ती कापून शाळेच्या फळ्यावर लावली.

ज्याच्या नावानं ती पहिली बातमी छापून आली होती तो अंकुर, उमरखेडचा वार्ताहर, दोन लेकरांचा बाप, एक दिवस दुकानात आला. दाढी करायला आला नव्हता. ओट्यावर उकंडाभाऊंसमोर उभा राहिला.

“काका, बातमीत अर्धं मी लिहिलं होतं. अर्धं वरून जोडून आलं. फोटो मला तसाच कापलेला मिळाला होता.”

“बसा,” उकंडाभाऊ म्हणाले आणि गठ्ठा सरकवून जागा केली. “साधनाचा नंबर नव्हता तुमच्यापाशी?”

“होता.”

“मंग पुढच्या खेपेले फोन लावजा.”

एवढंच. मी वाट बघत होतो की आता काहीतरी बोलतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी समोरून दोन चहा मागवले, अंकुरच्या लेकरांची चौकशी केली आणि चहा झाल्यावर सायकल काढली. अंकुर तिथेच बसून राहिला, रिकामा कप हातात धरून.  

आता जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं आहे. ‘पाणवठा’ची एक खोली सकाळपासून बायांनी भरलेली असते आणि नवे प्रश्न ठरत असतात. परवा देवीलाल आला, दाढीला बसला नाही, सरळ ओट्यावर गेला.

“काका, आमच्या साहेबाले चौकात कधी बोलावता? या खेपेले येतो म्हणून राह्यले ते.”

उकंडाभाऊ पुरवण्या सारत होते. वर न बघता म्हणाले, “साधनाले इचार. मी पेपर टाकतो बाप्पा, मले काय ठाऊक.”